वाद हरण्याच्या बावीस जागा

शालेय स्नेहसंमेलनापासून महाविद्यालयीन करंडकांपर्यंत महाराष्ट्रात वक्तृत्व स्पर्धांची वानवा नाही. पाठ केलेले भाषण, टाळ्यांसाठी राखून ठेवलेली वाक्ये आणि वेळ संपल्याची घंटा हा त्यांचा परिचित साचा आहे. वादविवाद ही मात्र निराळी विद्या आहे. भाषणात समोर श्रोता असतो, वादात प्रतिपक्ष असतो. म्हणूनच स्पर्धा गाजवणारा वक्ताही गटचर्चेत किंवा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पहिल्याच अनपेक्षित प्रश्नाला अडखळतो. युक्तिवाद करणे आणि ऐकणाऱ्याला तो पटवणे हे शिकता येते, आणि ते कसे शिकावे याचा काटेकोर विचार भारतात फार पूर्वी झाला आहे.

वाद, जल्प आणि वितंडा

इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांत आकाराला आलेल्या आणि अक्षपाद गौतमांच्या नावे असलेल्या 'न्यायसूत्रां'त चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे, सत्य काय हे ठरवण्यासाठी दोन पक्षांत होणारी चर्चा म्हणजे वाद. कसेही करून जिंकण्यासाठी शब्दच्छलाचाही आधार घेणारी चर्चा म्हणजे जल्प. स्वतःची कोणतीही बाजू न मांडता केवळ दुसऱ्याची खोडून काढणे म्हणजे वितंडा. मराठीतला 'वितंडवाद' हा शब्द तेथूनच आला.

सूत्रकारांनी जल्प आणि वितंडा सरसकट त्याज्य मानलेले नाहीत. कोवळ्या अंकुराच्या रक्षणासाठी काटेरी फांद्यांचे कुंपण घालावे, तसा त्यांचा उपयोग तत्त्वाच्या रक्षणासाठी आहे, असे ते सांगतात. मात्र कुंपण म्हणजे पीक नव्हे. चर्चेला बसण्यापूर्वी ती तिन्हींपैकी कोणती आहे हे ओळखणे, हा या विद्येचा पहिला धडा होय.

युक्तिवादाचे पाच अवयव

न्यायशास्त्रानुसार पूर्ण युक्तिवादाचे पाच भाग असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावरील धूर पाहून तेथे अग्नी असल्याचे सिद्ध करणे हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. तीच रीत शहरी व्यवहारात लावून पाहता येते. सोसायटीच्या पाण्याची टाकी गळते आहे, ही प्रतिज्ञा. रात्री पंप बंद असताना आणि कोणी पाणी वापरत नसतानाही पातळी उतरते, हा हेतू. वापर नसताना जेथे पातळी उतरते तेथे टाकीला गळती असते, जशी ती शेजारच्या इमारतीत आढळली, हे उदाहरण. आपल्या टाकीतही असेच घडते आहे, हा उपनय. म्हणून आपली टाकी गळते आहे, हे निगमन.

अशी मांडणी केली की युक्तिवाद नेमका कोठे कच्चा आहे हे लगेच दिसते. एखाद्या घरातील फ्लशची टाकी रात्रभर वाहत असेल तरीही पातळी उतरेल. म्हणजे दिलेला हेतू एकाच निष्कर्षाकडे नेत नाही. अशा हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात. जे सिद्ध करायचे आहे तितकेच असिद्ध कारण पुढे करणे म्हणजे 'साध्यसम'. 'न्यायसूत्रां'त असे पाच हेत्वाभास, म्हणजे हेतूसारखे भासणारे पण हेतू नसलेले दोष, दिले आहेत.

शब्दांचे छल

समोरच्याचे शब्द त्याला अभिप्रेत नसलेल्या अर्थाने घेणे याला 'छल' म्हणतात. त्याचे तीन प्रकार आहेत. भाष्यकार वात्स्यायनांनी दिलेले 'नवकंबल' हे उदाहरण मराठी वाचकालाही चटकन समजेल. एखाद्याजवळ नव कांबळे आहे असे म्हटल्यावर, 'नऊ कोठे आहेत, एकच तर दिसते,' असे उत्तर देणे हा वाक्छल. विशिष्ट संदर्भात केलेले विधान सर्वांना लागू करून खोटे ठरवणे हा सामान्यछल, तर लाक्षणिक अर्थाने बोललेले शब्दशः घेणे हा उपचारछल. एखाद्याच्या भाषणातील अर्धेच वाक्य उचलून त्याच्यावर टीकेची झोड उठवली जाते, तेव्हा यांपैकीच एखादा प्रकार घडत असतो.

पराभव कोठे होतो?

'न्यायसूत्रां'च्या पाचव्या अध्यायात बावीस 'निग्रहस्थाने' सांगितली आहेत. वादी जेथे पकडला जातो, म्हणजेच हरतो, त्या या जागा. मूळ प्रतिज्ञाच सोडून देणे, अडचण होताच हेतू बदलणे, विषयांतर करणे, नवे काही न सांगता तेच पुन्हा बोलणे या सर्वांचा त्यांत समावेश आहे. 'टाकीकडे समितीचे लक्ष नाही,' या आक्षेपावर 'तुमच्या घरातले नळ तरी कोठे धड आहेत,' असे प्रत्युत्तर देणे ही 'मतानुज्ञा' होय. दोष दुसऱ्यावर उलटवताना बोलणारा तो स्वतःच्या पक्षात असल्याचे मान्य करून बसतो.

शिकणाऱ्याच्या दृष्टीने दोन निग्रहस्थाने विशेष महत्त्वाची आहेत. तीनदा सांगूनही सभेला आणि प्रतिपक्षाला बोलणे समजले नाही, तर बोलणारा हरतो. तो दोष 'अविज्ञातार्थ'. उलट, तीनदा सांगितलेले आणि सभेला समजलेले म्हणणे प्रतिपक्षाला पुन्हा मांडता आले नाही, तर प्रतिपक्ष हरतो. तो दोष 'अननुभाषण'. थोडक्यात, दुर्बोध बोलणे हा जसा पराभव आहे, तसाच न ऐकणे हाही पराभवच आहे.

संविधान सभेतील एक प्रसंग

प्रतिपक्षाचे म्हणणे समजून घेऊन पटवण्याचे सामर्थ्य काय असते, हे १९४६ च्या डिसेंबरमध्ये संविधान सभेत दिसले. पंडित नेहरूंनी १३ डिसेंबरला उद्दिष्टांचा ठराव मांडला. मुस्लिम लीग आणि संस्थानांचे प्रतिनिधी सहभागी होईपर्यंत तो पुढे ढकलावा, अशी दुरुस्ती बॅ. मु. रा. जयकरांनी सुचवली. सभेत काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते. १७ डिसेंबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलायला उभे राहिले, तेव्हा ते काँग्रेसच्या बाजूचे नव्हते.

त्यांनी ठरावाच्या उद्दिष्टाला विरोध केला नाही. एकसंध भारत हे अंतिम ध्येय असल्याबद्दल आपल्याला शंका नाही, हे स्पष्ट करूनच त्यांनी प्रश्न मांडला तो सुरुवात कशी करावी याचा. ठराव करण्याचा सभेला अधिकार आहे का, हा मुद्दा त्यांनी बाजूला ठेवला. तसे करणे शहाणपणाचे आहे का, यावर त्यांनी भर दिला. पुढे ठरावावरील निर्णय लांबणीवर पडला आणि २२ जानेवारी १९४७ रोजी तो संमत झाला. विरोधकाशी जेथे एकमत आहे ती भूमी आधी निश्चित करायची आणि मतभेद नेमक्या एका प्रश्नापुरता आणून ठेवायचा, ही त्या भाषणाची रीत अभ्यासण्यासारखी आहे.

सराव कसा करावा?

जागतिक विद्यापीठ वादविवाद स्पर्धेत 'ब्रिटिश पार्लमेंटरी' पद्धत वापरतात. ही स्पर्धा २०१४ मध्ये चेन्नईत झाली होती. या पद्धतीत प्रत्येकी दोघांचे चार संघ असतात. विषय केवळ पंधरा मिनिटे आधी कळतो आणि बाजू निवडण्याची मुभा नसते. प्रत्येक वक्त्याला सात मिनिटे मिळतात. त्यांतील पहिले आणि शेवटचे मिनिट वगळता प्रतिपक्षाला मध्येच प्रश्न विचारता येतो. न पटणारी बाजूही मांडावी लागते, हाच या पद्धतीचा मोठा लाभ आहे.

स्पर्धेत न उतरणाऱ्यांनाही घरी किंवा मित्रमंडळींत पुढील सराव करता येईल.

* समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगावे आणि त्याने 'हेच मला म्हणायचे होते' अशी संमती दिल्यावरच उत्तर द्यावे.
* वृत्तपत्रातील एखादा अग्रलेख घेऊन त्याची प्रतिज्ञा, हेतू आणि उदाहरण वेगळे लिहून काढावे.
* एकाच विषयावर आज एक बाजू, तर उद्या दुसरी बाजू पाच मिनिटे मांडावी.
* कोणता पुरावा मिळाल्यास आपण मत बदलू, हे चर्चेपूर्वीच कागदावर लिहून ठेवावे.

यातील शेवटचा सराव सर्वांत कठीण आहे. मत बदलण्याची तयारीच नसेल तर चर्चा कितीही रंगली तरी ती वाद ठरत नाही, जल्पच राहते.