तेरची हस्तिदंती पुतळी आणि संग्रहालयातील स्पर्शपट

संग्रहालयात येणाऱ्या प्रेक्षकाच्या पुढ्यात बोटाने चालणारा चित्रफलक ठेवण्याचा प्रघात अलीकडे आपल्या देशातही पडत चालला आहे. लोक त्यास टचस्क्रीन म्हणतात. प्रस्तुत लेखात सोयीसाठी स्पर्शपट हा शब्द योजिला आहे. हे यंत्र इष्ट की अनिष्ट, असा वाद घालण्यात आता हशील नाही; ते येणारच. त्याच्याकडून कोणते काम करून घ्यावयाचे, एवढाच प्रश्न उरतो. त्याचा विचार मराठवाड्यातील एका वीतभरही नसलेल्या वस्तूच्या आधारे करावयाचा आहे.

तेर हे गाव सामान्य वाचकास गोरोबाकाकांमुळे ठाऊक असते. इतिहासाच्या अभ्यासकांस ते 'तगर' म्हणून परिचित आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण व पैठणच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर तगर सांगितले असून तेथील माल गाड्यांतून भडोचेस जात असल्याचे नमूद आहे. हे तगर म्हणजेच तेर, हे फ्लीट यांनी १९०१ साली प्रतिपादिले. पुढे तेरचेच रामलिंगप्पा लामतुरे यांनी गावच्या पांढरीतून निघालेल्या वस्तू मोठ्या आस्थेने जमविल्या, आणि त्यांच्याच नावाचे शासकीय संग्रहालय आज तेथे आहे. त्या संग्रहात सातवाहनकालीन हस्तिदंती स्त्रीपुतळी आहे. दागिन्यांनी मढलेली ही लहानशी मूर्ती पाहून प्रेक्षक क्षणभर थांबतो, 'सुरेख आहे' म्हणतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. त्याचा दोष नाही. वस्तू स्वतः होऊन आपली हकीकत सांगत नाही, आणि दोन ओळींच्या चिठ्ठीत ती मावतही नाही.

ती हकीकत मात्र विलक्षण आहे. १९३८ साली इटलीतील पाँपेई नगराच्या उत्खननात अमेदेओ मायुरी यांना एका घरात हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तिच्या दोहों बाजूंस दोन दासी असून तिच्या बैठकीवर एक खरोष्ठी अक्षर कोरलेले आहे. पाँपेई इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेले. अर्थात ही मूर्ती त्यापूर्वीच तेथे पोहोचली होती. कालनिर्णयास एवढा बळकट आधार आपल्याकडील फारच थोड्या वस्तूंस लाभतो. ती आता नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पुढे मराठवाडा व नागपूर या दोन विद्यापीठांनी मिळून भोकरदन येथे केलेल्या उत्खननात त्याच घडणीची, परंतु भंगलेली, हस्तिदंती मूर्ती मिळाली. देव व गुप्ते यांचा त्याविषयीचा वृत्तांत प्रसिद्ध आहे. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. तेथील दात्यांची नावे भारहूत व सांची येथील लेखांत येतात. पाँपेईची मूर्ती प्रथम मथुरेकडची मानली जाई. भोकरदनच्या शोधानंतर ढवळीकरांनी तिचे घडणस्थान भोकरदन असावे, असे मत मांडले. खरोष्ठी अक्षराचा उलगडा या मताने पुरता होत नाही, हे येथे सांगितले पाहिजे. ती लिपी वायव्येकडची. मूर्ती येथे घडून वायव्य मार्गाने गेली, की अक्षर वाटेत कोणी कोरले, हा प्रश्न अद्याप मोकळा आहे.

तेर, भोकरदन आणि पाँपेई येथील या तीन मूर्ती एका कपाटात शेजारी शेजारी कधी काळी येतील, हे संभवत नाही. हस्तिदंत हवेतील ओलाव्याच्या फेरबदलाने तडकतो. इतकी नाजूक वस्तू प्रवासास धाडण्यास कोणताही विचारी संग्रहपाल सहसा धजणार नाही. स्पर्शपटाचे खरे काम येथेच सुरू होते. तिन्ही मूर्तींची सर्व बाजूंनी घेतलेली चित्रे त्यावर शेजारी मांडली, बोटाने त्या फिरविता आल्या, केशरचना व कटिमेखला मोठी करून पाहता आली, तर परभणी किंवा जालना जिल्ह्यातील शाळकरी मुलगाही, जे पाहण्यासाठी विद्वानांस नेपल्स गाठावे लागे, ते तेरमध्ये उभा राहून पडताळू शकेल. मूर्तीच्या डोक्यात वरून पाडलेले भोक पाहून ती आरशाची मूठ असावी की एखाद्या चौरंगाचा पाय, याविषयी त्यास स्वतः तर्क करता येईल. मूळ वस्तू मात्र त्याच दालनात, त्याच्यापासून चार पावलांवर असावी. पट मूर्तीच्या जागी नव्हे, मूर्तीशेजारी शोभतो.

या यंत्राचा इतिहास फार जुना नाही. इंग्लंडमध्ये माल्व्हर्न येथील रडारसंशोधन संस्थेत जॉन्सन यांनी १९६५ साली त्याची कल्पना प्रसिद्ध केली. काचेवर विद्युद्वाहक द्रव्याचा पारदर्शक लेप असतो. मनुष्याचे बोट स्वतः विद्युद्वाहक असल्यामुळे ते टेकताच त्या जागेचा विद्युद्भार बदलतो आणि यंत्रास स्थान कळते. (म्हणूनच मास्तरांचा खडू किंवा लाकडी छडी टेकवून काही होत नाही!) लंडनच्या नॅशनल गॅलरीने १९९१ साली अशा पटांचे एक स्वतंत्र दालन उघडले होते व त्यांत तेथील सर्व चित्रांची माहिती भरली होती. कालांतराने ती यंत्रे जुनी होऊन बदलावी लागली. चित्रे होती तेथेच आहेत. आपल्याकडे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण ध्यानी घ्यावे. काकासाहेब केळकरांनी जन्मभर जमविलेल्या वस्तू वीस हजारांच्या घरात आहेत आणि मांडलेल्या त्यांतील सुमारे अडीच हजार. अडकित्ते, दिवे, वज्री यांचे जे शेकडो नमुने पेटाऱ्यांत राहतात, त्यांच्यासाठी नवी इमारत बांधण्यापूर्वी स्पर्शपट हा स्वस्तातला उपाय आहे.

प्रेक्षकाने विचारावे व उत्तर मिळावे, हे या पटाचे मोठे भूषण सांगतात. संस्कृत वाङ्मयात याचा उत्तम दाखला भवभूतीच्या 'उत्तररामचरिता'च्या पहिल्या अंकात आहे. अर्जुन नावाच्या चित्रकाराने रामचरित्र भिंतीवर रेखाटले असून लक्ष्मण ते राम व सीता यांस दाखवीत जातो. सीता विचारते, तो सांगतो; शूर्पणखेचे चित्र पाहून ती इतकी भ्याली की हे केवळ चित्र आहे, असे रामास सांगावे लागले. परंतु विवाहप्रसंगाच्या चित्रात ऊर्मिलेकडे बोट दाखवून 'ही कोण?' असे सीतेने थट्टेने विचारले, तेव्हा लक्ष्मण लाजला आणि झटकन दुसऱ्याच चित्राकडे वळला. संग्रहालयातील पटही नेमके हेच करतो! जे त्यात भरले नाही, त्याविषयी विचारता तो दुसरे चित्र पुढे करतो. लक्ष्मणास निदान उत्तर ठाऊक होते.

तेव्हा पटात काय भरावे, कोणी भरावे आणि पुढे तो कोणी सांभाळावा, हे प्रश्न यंत्रखरेदीच्या आधीचे होत. याबाबत अजिंठ्याचा अनुभव बोलका आहे. रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे खपून काढलेल्या लेणीचित्रांच्या प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांकडून करविलेल्या प्रतींपैकी पुष्कळशा १८८५ च्या आगीत गेल्या. २०१३ साली अजिंठ्याच्या पायथ्याशी १, २, १६ व १७ या लेण्यांच्या प्रतिकृतींसह भव्य अभ्यागत केंद्र उघडण्यात आले. वीज व पाण्याच्या थकलेल्या देयकांपायी काही वर्षांतच त्यास टाळे लागले. प्रत करणे एकवेळ सोपे, ती चालती ठेवणे कठीण. उन्हाळ्यात आमच्या भागात वीज किती वेळ असते, हे लक्षात घेता छापील चिठ्ठी व माहीतगार सेवक यांची गरज पटामुळे संपली, असे कोणी समजू नये.

पुण्याच्या सी-डॅक संस्थेने संग्रहालयांच्या नोंदींसाठी 'जतन' नावाची प्रणाली तयार केली व तिच्या आधारे दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, हैदराबादचे सालारजंग इत्यादी मोठ्या संग्रहालयांच्या नोंदी २०१४ पासून सर्वांस पाहता येऊ लागल्या. नाव यथार्थ आहे. पण नोंद मुळात असेल तरच ती जतन होणार. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामी अंमलात, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात, पुढे मुंबई व महाराष्ट्र राज्यात असा फिरला. एखाद्या वस्तूचा मूळ ठावठिकाणा शोधू जावे तर दोन-तीन दप्तरे उलगडावी लागतात. एका संग्रहालयात (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) विद्यार्थ्यांच्या सहलीसमवेत गेलो असता एका सुंदर मूर्तीखाली केवळ 'स्त्रीमूर्ती, पाषाण' एवढेच लिहिलेले आढळले. कोठे मिळाली, कोणी दिली, केव्हा, काहीच नाही. अशा मूर्तीसाठी मोलाचा पट आणून त्यावर तेच दोन शब्द मोठ्या अक्षरांत दाखविणे म्हणजे कोऱ्या पोथीस रेशमी रुमाल बांधणे होय.

सेलूच्या आसपास पाहावे तर या कामाची निकड अधिकच भासते. आमच्या तालुक्यातील वालूरची चक्राकार पायऱ्यांची बारव, जिंतूर तालुक्यात चारठाण्याची यादवकालीन मंदिरे व दीपमाळ, जिंतूरजवळील नेमगिरीची जैन लेणी, ही कोणत्याही कपाटात येणारी नव्हेत. यांची मोजमापे, आराखडे व चारही ऋतूंतील चित्रे पटावर आली तर पैठण किंवा छत्रपती संभाजीनगरच्या संग्रहालयात उभ्या राहिलेल्या प्रेक्षकास बारवेच्या तळापर्यंत उतरता येईल, आणि तेथे मांडलेला एखादा सुटा स्तंभखंड मूळ मंदिरात कोठे बसत असावा, हेही कळेल. पण त्याहून तातडीचे काम वेशीतल्या वीरगळांचे व पारावर मांडलेल्या भग्न मूर्तींचे आहे. कोणती मूर्ती कोणाच्या शेतात, विहीर खणताना की नांगरटीत निघाली, हे सांगणारी माणसे आज ऐंशीच्या पुढची आहेत. जुन्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्या खिशात चांगला मोबाइल आहे, त्यांनी येत्या उन्हाळ्याच्या सुटीत वालूरपासून आरंभ करून गाववार टिपण करावे: मूर्तीची चार बाजूंची चित्रे, लांबी-रुंदी, सापडल्याची जागा, सांगणाऱ्याचे वय आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. टिपणाची एक प्रत ग्रामपंचायतीत, एक शाळेत व एक मंडळाच्या दप्तरी असावी.