खाटकन आलेली वीज

तीन आठवडे आधी
मनीने डाव्या स्पीकरच्या जाळीवर नख्या घासायला सुरुवात केली. जाड विणीचं कापड मांजराला आवडतं. नखी अडकते, ओढली की सुटते. धागे निघू लागले, तेव्हा मी दोन्ही जाळ्या काढून माळ्यावर ठेवल्या. कापड वाचलं, पण ट्वीटरचा २५ मिलिमीटरचा रेशमी घुमट उघडा पडला.

सहा दिवस आधी
टर्नटेबलच्या झाकणाची बिजागरी तुटली. मनी त्यावर झोपायची आणि तिचं वजन ४ किलो २०० ग्रॅम. नवी बिजागरी मिळेपर्यंत झाकण रोज रात्री नुसतं वर ठेवायचं ठरलं. पाच रात्री ठेवलं.

शनिवार, रात्री ९.४०
भीमसेन जोशींची एलपी लावली. वडिलांनी १९७६ साली घेतलेली. कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात निळ्या शाईतली त्यांची सही आहे. त्यांच्या हस्ताक्षराचं घरात आता फारसं काही उरलेलं नाही.

मनी उजव्या स्पीकरवर बसली होती. उंची ९० सेंटिमीटर, बूड जेमतेम २० सेंटिमीटर. ती चढली की तो डुलतो, हे मला ठाऊक होतं. खाली लावायचे रुंद पाय खोक्यातच होते.

९.५२
मुलगी म्हणाली, “बाबा, मनी सुईकडे बघतेय.”
मी पाहिलं. टोनआर्म रेकॉर्डच्या कडेकडून मध्याकडे सरकत होता आणि तिची मान त्याच्याबरोबर.
“बघू दे,” मी म्हणालो.

१०.०३
रेकॉर्ड उलटली.

१०.०७
बाहेर पाऊस होता. लाईट गेली. स्वर विरत थांबला. हॉलमधला एक दिवा आणि बेडरूमचा पंखा इन्व्हर्टरवर चालतात, गाण्याचा सेट नाही. रेकॉर्डची दुसरी बाजू चार मिनिटं वाजली होती आणि सुई तिथेच टेकलेली राहिली.

आर्म उचलायला एक छोटा खटका असतो, तो वर करायचा. तेवढंच काम होतं. लाईट लगेच येईल असं वाटलं, म्हणून केलं नाही.

११.२०
लाईट आली नाही. झोपायला गेलो. टर्नटेबलचं बटण चालू, अ‍ॅम्प्लिफायर चालू, आवाज होता तितकाच. झाकण भिंतीला टेकून उभं. मनी रोज आमच्या खोलीत झोपते. त्या रात्री ती अजून कोमट असलेल्या अ‍ॅम्प्लिफायरवर होती. उठवावंसं वाटलं नाही. दार लावून घेतलं.

पहाटे ४.३५
इन्व्हर्टर बसला. पंखा थांबल्यामुळे जाग आली. हॉलमध्ये पावलं वाजली, मग स्पीकरच्या लाकडावर नख्या. पहाट ही मांजरांची शिकारीची वेळ. झाकण आठवलं. उजाडल्यावर बघू, म्हणून कूस बदलली.

५.२४
लाईट आली. बंद दाराआडून आधी जड, ओढल्यासारखा आवाज आला, मग तबकडीने वेग घेतला आणि पंडितजींचा स्वर जागेवर आला. मी उठून बसलो. अंधारात पाच मीटर चालायचं होतं.

रेकॉर्डवर सुईचा भार २ ग्रॅमच्या आसपास असतो. ती ज्या नळीच्या टोकाला बसवलेली असते, ती एक मिलिमीटरहून बारीक.

हात कडीवर असताना ‘धप्प’ असा आवाज वूफरमधून आला. त्यामागे एक लांब खरड. मग काहीतरी जड फरशीवर पडलं.

५.२५
दिवा लावला. उजवा स्पीकर पालथा पडला होता. तिने उडी घेताना त्याला उलट दिशेला रेटलं असणार. ट्वीटरचा घुमट आत गेला होता. टोनआर्म रेकॉर्डच्या लेबलवर तिरका पडला होता. नळी काटकोनात वळलेली, टोकाला सुई नाही. तबकडी फिरतच होती. बटण बंद केलं.

मनी सोफ्याखाली होती. बाहेर काढून चारही पंजे दाबून पाहिले. कुठे लागलं नव्हतं.

५.४०
सुई सापडली नाही. जाळ्या माळ्यावरून खाली काढल्या.

अकरा दिवसांनी, संध्याकाळी ७.१५
नवी सुई बसवली. मनी आतल्या खोलीत, दार बंद. तीच बाजू लावली. चार मिनिटं स्वर स्वच्छ आला. मग ‘टक्’. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, म्हणजे एक फेरा १.८ सेकंदांचा. दर १.८ सेकंदांनी ‘टक्’. बाजू संपेपर्यंत ऐकलं.