आरोग्यसंवर्धन व मानसशास्त्र : वऱ्हाडातील

रोगप्रतिबंध व आरोग्यसंवर्धन यांच्याशी निगडित असलेल्या मानवी वर्तनाचा, समजुतींचा व भावनांचा अभ्यास करणारी मानसशास्त्राची शाखा म्हणजे आरोग्य मानसशास्त्र होय. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेत तिचा स्वतंत्र विभाग १९७८ मध्ये स्थापन झाला. रोगाचे कारण ठाऊक असूनही माणसे घाण पाणी पितात, उपचार अर्धवट सोडतात वा दुखणे लपवितात, ते का, हा तिचा मूळ प्रश्न.

वऱ्हाडात हा प्रश्न शाखेला नाव मिळण्यापूर्वीच हाताळला गेला. शेंडगाव (जि. अमरावती) येथे जन्मलेले गाडगे महाराज (१८७६–१९५६) गावात शिरताच स्वतः खराट्याने रस्ते झाडीत आणि रात्रीच्या कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारून त्यांच्याच तोंडून उत्तरे वदवून घेत. कोऱ्या उपदेशापेक्षा प्रत्यक्ष उदाहरण व चारचौघांत दिलेली कबुली वर्तन अधिक बदलते, हे प्रायोगिक मानसशास्त्राने पुढे दाखविले. तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतही (१९५५) ग्रामआरोग्यावर स्वतंत्र अध्याय आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये अमरावतीजवळ तपोवन ही कुष्ठरोग्यांची वसाहत उभारली. कुष्ठरोगात जंतूइतकीच लोकलज्जा घातक ठरते. तिच्यामुळे डाग लपविला जातो, उपचार लांबतो व टाळता येण्याजोगे व्यंग कायमचे होते. श्रम व स्वावलंबन यांतून रुग्णाला प्रतिष्ठा परत देणे हा म्हणूनच उपचाराचाच भाग होता.

विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या विचाराला निकडीचे स्वरूप आले. नांदगाव खंडेश्वरसारख्या कापूस-सोयाबीनच्या कोरडवाहू भागात नापिकी व कर्ज ही दुःखाची खरी कारणे असतात. समुपदेशनाने कर्ज फिटत नाही. तथापि खिन्नता वेळीच ओळखली गेल्यास माणूस वाचू शकतो आणि कीटकनाशक सहज हाती लागणार नाही अशी व्यवस्था केल्याने क्षणिक आवेगाचा घात टळू शकतो. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबविलेल्या ‘विश्राम’ कार्यक्रमात गावातीलच प्रशिक्षित कार्यकर्ते, समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ अशी साखळी योजण्यात आली. खिन्नताग्रस्तांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४·३ टक्क्यांवरून २७·२ टक्क्यांवर गेल्याचे २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नमूद आहे. तुलनेसाठी कार्यक्रमाबाहेरील गावे घेतलेली नसल्याने सर्व श्रेय कार्यक्रमाला देता येत नाही. शिवाय चारांपैकी जवळजवळ तीन रुग्ण त्यानंतरही उपचाराबाहेरच राहिले.