मत्स्य-विषाक्तता परीक्षण : धातूंची ऑक्साइडे व उल्हास खोरे

एखादे रसायन अथवा कारखान्याचे सांडपाणी गोड्या पाण्यातील माशांना अल्पावधीत कितपत मारक ठरते, हे प्रयोगशाळेत मोजण्याच्या पद्धतीस अल्पकालिक मत्स्य-विषाक्तता परीक्षण म्हणतात. सामान्यतः परीक्षणाची मुदत ९६ तासांची असते. ज्या संहतीत (दर लिटर पाण्यातील पदार्थाच्या प्रमाणात) या मुदतीत निम्मे मासे मरतात, तिला अर्धमारक संहती अशी संज्ञा आहे. ही संहती जितकी कमी तितका पदार्थ अधिक विषारी समजतात. ठाणे, कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर व अंबरनाथ या औद्योगिक पट्ट्याच्या दृष्टीने या परीक्षणाला विशेष महत्त्व आहे. कारण ज्या उल्हास नदीच्या खोऱ्यात ही शहरे वाढली, त्याच खोऱ्यातून त्यांना पिण्याचे पाणी मिळते आणि त्याच खोऱ्यात त्यांचे सांडपाणी उतरते.

धातूंच्या ऑक्साइडांचा विशेष : बहुतेक विषे पाण्यात विरघळतात आणि म्हणून त्यांची संहती निश्चित सांगता येते. धातूंच्या ऑक्साइडांच्या बाबतीत तसे नसते. क्रोमियम ट्राय-ऑक्साइड हे विद्युत् विलेपनात (धातूवर विजेच्या साहाय्याने मुलामा देण्यात) वापरले जाणारे ऑक्साइड पाण्यात सहज विरघळून षट्‌संयुजी क्रोमियम देते; ते अत्यंत विषारी असते. याउलट पांढऱ्या रंगात वापरले जाणारे टायटॅनियम डाय-ऑक्साइड जवळजवळ विरघळतच नाही आणि अल्पकालिक परीक्षणात माशांना फारसे मारक ठरत नाही. जस्ताचे ऑक्साइड या दोहोंच्या मध्ये येते. रबर, रंग, मृत्तिका उद्योग, मलमे व सौंदर्यप्रसाधने यांत त्याचा मोठा वापर होतो. उदासीन पाण्यात ते अत्यल्प विरघळते. पण ते उभयधर्मी असल्यामुळे अम्लात तसेच तीव्र क्षारकातही विरघळते. त्याच्या वस्तुमानात सु. ८० टक्के जस्त असते. म्हणजे दर लिटरला १० मिग्रॅ. जस्त ऑक्साइड टाकले, तर टाकीत ८ मिग्रॅ. जस्त गेले असे म्हणता येते. परंतु त्यापैकी किती आयनरूपाने पाण्यात आले आणि किती कणरूपाने तळाशी बसले, हे त्या पाण्यावर अवलंबून राहते. म्हणून ऑक्साइडाचे परीक्षण हे पुष्कळ अंशी ज्या पाण्यात ते केले त्या पाण्याचेही परीक्षण असते.

ऐतिहासिक आढावा : धातू आणि मासे यांच्या संबंधाचा पद्धतशीर अभ्यास खाणींच्या प्रदेशात सुरू झाला. वेल्समधील शिसे व जस्त यांच्या खाणींमुळे नद्या मत्स्यहीन झाल्या होत्या. कॅथलीन कार्पेंटर यांनी १९२० नंतरच्या दशकात या नद्यांची पाहणी केली व धातूंच्या विद्राव्य लवणांचा माशांवरील मारक परिणाम प्रयोगांनी दाखविला. धातूमुळे कल्ल्यांवरील श्लेष्म (बुळबुळीत स्राव) साकळतो व मासा गुदमरतो, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. फार मोठ्या मात्रेच्या बाबतीत ते आजही ग्राह्य आहे. कमी मात्रेत मात्र जस्ताचे आयन कल्ल्यांतून होणाऱ्या कॅल्शियमाच्या शोषणात अडथळा आणतात आणि माशाच्या रक्तातील कॅल्शियम घटते, असे पुढील संशोधनातून दिसून आले. दुष्फेन (कठीण) पाण्यात कॅल्शियम भरपूर असल्यामुळे तेथे जस्त कमी मारक ठरते. सुफेन (मृदू) पाण्यात तेवढेच जस्त घातक होते.

मोजणीची गणिती बाजू औषधशास्त्रातून आली. जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी १९२७ मध्ये अर्धमारक मात्रेची कल्पना मांडली. सर्वांत दुबळ्या किंवा सर्वांत चिवट प्राण्याच्या मृत्यूपेक्षा निम्म्या प्राण्यांच्या मृत्यूचा बिंदू अधिक स्थिर असतो, हे तिचे मर्म होय. सी. आय. ब्लिस यांनी १९३४ मध्ये प्रॉबिट ही संज्ञा रूढ केली, डी. जे. फिनी यांच्या १९४७ मधील ग्रंथामुळे हे विश्लेषण सर्वत्र पोहोचले. अमेरिकेत औद्योगिक सांडपाण्याकरिता हार्ट, डाउडोरॉफ व ग्रीनबँक यांनी १९४५ मध्ये पद्धत आखली आणि १९५१ मध्ये डाउडोरॉफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला प्रमाणित रूप दिले. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ मध्ये आपली २०३ क्रमांकाची मार्गदर्शिका काढली. तिच्या पुढील आवृत्त्यांपैकी १९९२ व २०१९ च्या आवृत्त्या महत्त्वाच्या आहेत.

पद्धत : एकाच जातीचे, साधारण सारख्या आकाराचे व निरोगी मासे प्रथम प्रयोगशाळेतील पाण्याला सरावू देतात. परीक्षणापूर्वी एक दिवस त्यांना अन्न देत नाहीत. पदार्थाच्या निदान पाच संहती भूमितीय श्रेणीत घेतात, उदा., दर लिटरला १, २, ४, ८ व १६ मिग्रॅ. प्रत्येक टाकीत निदान सात मासे सोडतात. एका टाकीत पदार्थ मुळीच घालीत नाहीत. ती नियंत्रण-टाकी होय. २४, ४८, ७२ व ९६ तासांनी मृत्यूंची नोंद करतात. पाण्यातील ऑक्सिजन संपृक्ततेच्या ६० टक्क्यांखाली जाऊ देत नाहीत. नियंत्रण-टाकीतील मृत्यूंचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक झाल्यास संपूर्ण परीक्षण बाद ठरते. पीएच मूल्य, तापमान व दुष्फेनता यांची नोंद अनिवार्य असते. ऑक्साइडाच्या बाबतीत टाकलेल्या मात्रेबरोबरच पाण्यात प्रत्यक्ष विरघळलेला धातू मोजणे आवश्यक असते. एरवी तळाशी बसलेली भुकटीही विषात गणली जाते आणि पदार्थ आहे त्याहून निरुपद्रवी भासतो.

परीक्षणासाठी जगभर वापरला जाणारा झीब्रा मासा मूळचा दक्षिण आशियातील आहे. फ्रान्सिस हॅमिल्टन यांनी गंगेच्या खोऱ्यातील माशांवरील आपल्या ग्रंथात १८२२ मध्ये त्याचे प्रथम वर्णन केले. भारतीय प्रयोगशाळांत रोहू, कटला, मरळ व टिलापिया यांवरही असे प्रयोग झाले आहेत. जातीनुसार सहनशक्ती बदलते. थंड, सुफेन पाण्यातील ट्राउट मासा दर लिटरला १ मिग्रॅ.पेक्षाही कमी जस्ताने मरू शकतो, तर कार्प कुलातील मासे सामान्यतः त्याहून अधिक जस्त सोसतात.

उल्हास खोऱ्याची पार्श्वभूमी : उल्हास नदी सह्याद्रीत लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर या मार्गाने कल्याणकडे येते. १९२२ मध्ये भिवपुरी येथे आंध्र खोऱ्यातील जलविद्युत् केंद्र सुरू झाले. वीज निर्माण केल्यावर सोडलेले घाटमाथ्यावरील पाणी या खोऱ्यात येऊ लागल्यामुळे नदीला उन्हाळ्यातही प्रवाह राहिला. मुंबईचे सान्निध्य, लोहमार्ग आणि बारमाही पाणी यांमुळे स्वातंत्र्योत्तर काळात मोहने व शहाड येथे रेयॉनचे कारखाने उभे राहिले. व्हिस्कोज रेयॉनच्या कताईसाठी लागणाऱ्या अम्लकुंडात गंधकाम्लाबरोबर झिंक सल्फेट वापरतात. म्हणून या उद्योगाच्या सांडपाण्यात जस्ताकडे लक्ष ठेवावे लागते. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यावर ठाण्याची वागळे वसाहत व पुढे डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर येथील वसाहती वाढल्या. अंबरनाथच्या १०६० च्या शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी ही छोटी नदी उल्हासनगरमार्गे कल्याणकडे येताना सांडपाण्याचा नालाच बनली. २०१४ मध्ये तिच्या पात्रात बेकायदा सोडलेल्या रसायनांतून वायू पसरला व उल्हासनगर येथील अनेक रहिवाशांना रुग्णालयात दाखल करावे लागले.

ठाण्यातील गोडे पाणी मुख्यतः तलावांत आहे. खाडीचे पाणी खारे असल्याने तिला गोड्या पाण्यातील माशांचे निष्कर्ष लागू पडत नाहीत. मासुंदा तलावासारख्या जलाशयांत गणेशमूर्तींच्या विसर्जनातून रंग उतरत असत. पांढऱ्या रंगांत जस्त व टायटॅनियम यांची ऑक्साइडे असतात. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१० मध्ये विसर्जनाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या व २०२० मध्ये त्या सुधारल्या. ठाण्यात कृत्रिम तलावांची प्रथाही रुजली. तथापि तलावातील मासे मेले म्हणजे धातूनेच मेले, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. सेंद्रिय द्रव्य कुजून ऑक्सिजन संपल्यानेही मासे मरतात. परीक्षणात ऑक्सिजन राखण्याचा आग्रह याकरिताच असतो.

कायदा व प्रमाणके : महाराष्ट्राने १९६९ चा जलप्रदूषण प्रतिबंधक अधिनियम केला व त्यानुसार ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ अस्तित्वात आले. १९७४ चा केंद्रीय अधिनियम राज्याने १ जून १९८१ पासून स्वीकारला. [⟶ जलप्रदूषण]. भारतीय मानक संस्थेने १९७१ मध्ये औद्योगिक सांडपाण्याच्या मत्स्य-परीक्षणाचे मानक प्रसिद्ध केले होते. पर्यावरण संरक्षण नियमांना १९९३ मध्ये जोडलेल्या सहाव्या अनुसूचीत दोन वेगळ्या अटी एकत्र आढळतात : अंतर्देशीय जलाशयात सोडावयाच्या सांडपाण्यात जस्त दर लिटरला ५ मिग्रॅ.हून अधिक नसावे. आणि त्याच सांडपाण्यात, ते मुळीच विरळ न करता, ९६ तासांनंतर ९० टक्के मासे जिवंत राहावेत.

या दोन अटी एकमेकींची पुनरुक्ती नव्हेत. पहिली एका धातूचे प्रमाण विचारते; दुसरी संपूर्ण मिश्रणाचा परिणाम विचारते. ५ मिग्रॅ.ची मर्यादा पाळणारे सांडपाणी सुफेन असेल, तर संवेदनशील मासे त्यात मरू शकतात. शिवाय जस्त, तांबे, क्रोमियम व अमोनिया ही प्रत्येकी आपापल्या मर्यादेत असूनही एकत्रितपणे मारक ठरू शकतात. रासायनिक पृथक्करणात जे शोधले तेवढेच सापडते. ज्याचा शोधच घेतला नाही, त्याची साक्ष मासा देतो. डोंबिवलीसारख्या ठिकाणी अनेक लहान कारखान्यांचे सांडपाणी सामुदायिक प्रक्रिया केंद्रात एकत्र येते. तेथे दुसऱ्या अटीचे मोल पहिलीपेक्षा कमी नाही.

अब्जांश कण : एकविसाव्या शतकात १०० नॅनोमीटरपेक्षा लहान कणांच्या ऑक्साइडांमुळे जुना प्रश्न नव्याने उभा राहिला : मासा कणाने मरतो की आयनाने? २००७ मध्ये गोड्या पाण्यातील एका शैवलावर केलेल्या प्रयोगात जस्त ऑक्साइडाचे अब्जांश कण, त्याची नेहमीची भुकटी व झिंक क्लोराइड ही तिन्ही जवळजवळ सारखीच विषारी आढळली. म्हणजे तेथे मुख्य कारण विरघळलेले जस्त होते. तांब्याच्या कणांबाबत झीब्रा माशांवरील प्रयोगांत मात्र केवळ विरघळलेल्या धातूने सर्व परिणाम स्पष्ट होत नाही, असे दिसले. त्यामुळे एका ऑक्साइडाचा निष्कर्ष दुसऱ्यास लावता येत नाही.

मर्यादा : उल्हास नदीच्या पाण्याची दुष्फेनता व गढूळपणा ऋतूनुसार बदलतात. पावसाळ्यात विद्राव्य लवणे विरळ होतात आणि गाळाचे कण धातूला धरून ठेवतात. उन्हाळ्यात प्रवाह घटून सांडपाण्याचा वाटा वाढतो. म्हणून परदेशी प्रयोगशाळेतील किंवा एकाच ऋतूतील आकडा जसाच्या तसा नदीला लावणे सयुक्तिक नाही. दुसरी मर्यादा काळाची आहे. चार दिवस जगलेला मासा अंडी घालील, त्याची पिले वाढतील किंवा त्याच्या शरीरात धातू साचणार नाही, याची हमी हे परीक्षण देत नाही. नदी मत्स्यहीन होण्यास एका दिवसाचा मोठा मृत्यू लागतोच असे नाही. काही पिढ्यांची वीण खुंटली तरी पुरते. उल्हास व वालधुनी यांच्या प्रदूषणाबाबत ‘वनशक्ती’ या संस्थेच्या अर्जावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या पुणे येथील पीठाने २०१५ मध्ये निर्णय दिला, त्या वेळी राज्यातील जलप्रदूषणविरोधी कायद्याला चार दशके उलटून गेली होती.

प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्नही पुढे आला आहे. रसेल व बर्च यांनी १९५९ मध्ये प्रयोगांतील प्राण्यांना पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटविणे व त्यांच्या यातना कमी करणे ही तीन तत्त्वे मांडली. त्यांना अनुसरून झीब्रा माशाच्या भ्रूणावरील परीक्षणाची मार्गदर्शिका २०१३ मध्ये स्वीकारण्यात आली. माशांची संख्या घटली, तरी परीक्षणाचा मूळ हेतू कायम राहतो. कारखान्याच्या नळातून बाहेर पडणारे पाणी सजीवाला सोसवते की नाही, या प्रश्नाचे ते किमान उत्तर आहे. ‘नाही’ हे उत्तर निर्णायक मानावे लागते. ‘होय’ हे उत्तर मात्र केवळ चार दिवसांपुरते असते. कल्याणजवळ मोहिली येथे जे पाणी नळांसाठी उचलले जाते, त्याच्या भवितव्याचा विचार करताना हा फरक ध्यानी घेणे अगत्याचे आहे.