करवंटीचा कोळसा आणि विजेची साठवण

‘कोळसा उगाळावा तितका काळाच’ ही म्हण ज्यांनी रूढ केली, त्यांच्यासमोर चुलीतला कोळसा होता. तोच कोळसा उच्च तापमानात वाफ देऊन ‘सक्रिय’ केला, म्हणजे त्याच्या अंतरंगातील सूक्ष्म रंध्रे मोकळी केली, तर एका ग्रॅमात १५०० चौरस मीटरांच्या आसपास पृष्ठभाग प्राप्त होतो. जमिनीच्या हिशेबात उमेद घालविलेल्या आमच्यासारख्यांना हे गुंठ्यांत सांगितलेले बरे : चिमूटभर भुकटीत १५ गुंठे. सुपरकपॅसिटर नामक वीजसाठवणीच्या साधनाचा इतिहास हा या १५ गुंठ्यांच्या वहिवाटीचा इतिहास आहे. अलीकडे मात्र नॅनोट्यूब आणि ग्राफीन यांच्या कौतुकात मूळ कब्जेदाराचे नाव मागे पडते, म्हणून हा प्रपंच.

बॅटरीत रासायनिक क्रियेने वीज साठते. सुपरकपॅसिटरात, निदान त्याच्या मूळ प्रकारात, तशी क्रिया नाही. आयनयुक्त द्रवात बुडविलेल्या इलेक्ट्रोडवर विद्युत्भार आला की विरुद्ध भाराचे आयन त्याच्या पृष्ठभागाला खेटून उभे राहतात. हा दुहेरी थर म्हणजेच साठवण. जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ याने ही कल्पना १८५३ मध्ये मांडली व १८७९ मध्ये तिचा सविस्तर विचार केला. पृष्ठभाग जितका विस्तीर्ण, तितकी साठवण अधिक, हे त्यातून ओघानेच येते. तरीही सच्छिद्र कोळशाशी तिची सांगड घालून साधन बनविण्यास पुढे पाऊणशे वर्षे जावी लागली.

ती सांगड घातली अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या बेकर याने. १९५४ मध्ये त्याने पेटंटसाठी अर्ज केला व १९५७ मध्ये ते मंजूर झाले. गंमत अशी, की आत नेमके काय घडते हे ठाऊक नाही, परंतु धारिता विलक्षण वाढते, अशी कबुली त्याने पेटंटाच्या मजकुरातच देऊन ठेवली आहे. उपपत्ती एका दप्तरात, उपयोग दुसऱ्या दप्तरात आणि दोहोंची गाठ नाही. सरकारी कचेरीत हयात घालविलेल्या कोणासही याचे नवल वाटू नये. पुढे ओहायोतील स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या राइटमायर याने १९६६ मध्ये मिळालेल्या पेटंटात दुहेरी थराचे तत्त्व जाणून हे साधन मांडले. पण त्या तेल कंपनीने ते स्वतः बाजारात न आणता १९७१ मध्ये जपानच्या एनईसी कंपनीस परवाना दिला. १९७८ मध्ये एनईसीने ते ‘सुपरकपॅसिटर’ या नावाने विकावयास आणले. वीज गेली तरी संगणकाची स्मृती पुसली जाऊ नये, एवढेच माफक काम त्याच्याकडे होते.

याच एनईसीच्या त्सुकुबा येथील प्रयोगशाळेत १९९१ मध्ये सुमिओ इजिमा यांना कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या दिसल्या आणि ‘कार्बन नॅनोट्यूब’ हे नाव जगभर गाजले. वास्तविक रादुश्केविच व लुक्यानोविच या सोव्हिएत संशोधकांनी अशा नळ्यांची छायाचित्रे १९५२ मध्येच प्रसिद्ध केली होती. परंतु ती रशियन भाषेतील नियतकालिकात. आपल्या भाषेत लिहिलेले दुसऱ्या भाषेच्या जगाला दिसत नाही, हा अनुभव परप्रांतात मराठी जपणाऱ्यांना नवा नाही.

१९९७ मध्ये अमेरिकेत नॅनोट्यूबच्या इलेक्ट्रोडची चाचणी झाली. पृष्ठभाग ग्रॅममागे ४३० चौरस मीटर, धारिता १०२ फॅरड. २००४ मध्ये मँचेस्टर येथे गाइम व नोव्होसेलॉव्ह यांनी ग्राफीनचा एकपदरी थर सुटा केला. त्यांना २०१० चे नोबेल मिळाले. ग्राफीनचा सैद्धांतिक पृष्ठभाग ग्रॅममागे २६३० चौरस मीटर, म्हणजे २६ गुंठे. बंगळूर येथे सी. एन. आर. राव व सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ग्राफीनचे इलेक्ट्रोड तपासले, तेव्हा धारिता ग्रॅममागे ११७ फॅरडपर्यंत भरली. कागदावरचे क्षेत्र आणि प्रत्यक्ष लागवडीखालचे क्षेत्र यांत फरक पडला, तो ग्राफीनचे थर पुन्हा एकमेकांवर चिकटतात म्हणून. शिवाय ही द्रव्ये पिंजलेल्या कापसासारखी विरळ. वजनात भरतात, आकारमानात भरत नाहीत.

उलट कोळशाची पत या काळात वाढली. एक नॅनोमीटरहून अरुंद रंध्रे आयनांना निरुपयोगी, अशी जुनी समजूत होती. फिलाडेल्फिया व तुलूझ येथील संशोधकांनी २००६ मध्ये दाखविले, की तेथेच धारिता अनपेक्षितपणे वाढते. आयन भोवतालचे द्रावकाचे वेष्टन काहीसे उतरवून आत शिरतात. दारातून जाताना डोईवरचा भारा खाली ठेवावा, तसे.

नॅनोट्यूबची खरी कर्तबगारी आम्हांस वाटते ती लवचीकतेत. कोळशाच्या भुकटीला बांधून ठेवणारे द्रव्य लागते व वाकविल्यास थर तडकतो. नळ्या मात्र धाग्यांप्रमाणे एकमेकींत गुंततात. मूळचे केरळचे आणि इजिमांसमवेत एनईसीत काम केलेले पुलिकल अजयन यांच्या अमेरिकेतील गटाने २००७ मध्ये सेल्युलोजच्या कागदात नॅनोट्यूब रुजवून गुंडाळता येणारे साधन तयार केले. अंगावर वागवावयाच्या उपकरणांसाठी ही वाट आशादायक आहे.

लिथियम-आयन बॅटरीच्या तुलनेत सुपरकपॅसिटरची साठवण आजही तोकडी आहे : किलोमागे साधारण ५ ते १० वॅट-तास, तर बॅटरीत १५० हून अधिक. परंतु तो काही सेकंदांत भरतो आणि लाखो वेळा भरला-रिकामा केला तरी टिकतो. बाजारातील बहुतेक सुपरकपॅसिटरांत आजही सक्रिय कोळसाच असतो आणि त्यासाठी नारळाच्या करवंटीला विशेष मागणी आहे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले व सहकाऱ्यांनी तर त्याहून साधा माल निवडला. गळून पडलेली कडुनिंबाची पाने त्यांनी हवेविना तापविली. सक्रिय करण्याची वेगळी प्रक्रिया केली नाही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार पृष्ठभाग ग्रॅममागे १२३० चौरस मीटर, म्हणजे १२ गुंठे, आणि धारिता ४०० फॅरड.