नाडी बघायची की श्वास? निजामाच्या राज्यातला एक जाडजूड अहवाल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलता बोलता झालेलं थोडं इकडचं तिकडचं काढून टाकलंय, बाकी तसंच ठेवलंय.

मागच्या वर्षी आमच्या आत्याचं नांदेडला ऑपरेशन झालं. भोकरहून निघताना तिला ऑपरेशनची भीती नव्हती, भुलीची होती. "भूल दिली अन् जागच आली नाही तर?" हा तिचा एकच प्रश्न. आपण हसतो, पण हा प्रश्न एकेकाळी जगातल्या मोठमोठ्या डॉक्टरांना पडला होता. आणि त्याचं उत्तर शोधण्याचा एक फार मोठा प्रयत्न झाला तो लंडनला नाही, पॅरिसला नाही, तर हैदराबादला. म्हणजे तेव्हाच्या आपल्याच राजधानीत. कारण नांदेड, भोकर, लातूर हा सगळा मुलूख 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता, हे तुम्हाला माहीतच आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. 1847 मध्ये एडिंबरोचे डॉक्टर जेम्स सिम्पसन यांनी क्लोरोफॉर्म वापरायला सुरुवात केली. रुमालावर थोडं औषध टाकायचं, नाकाशी धरायचं, आणि माणूस शांत झोपतो. त्याआधी हात-पाय कापताना रुग्णाला चार माणसांनी धरून ठेवावं लागायचं. म्हणजे हा चमत्कारच होता. पण जानेवारी 1848 मध्ये इंग्लंडमध्ये हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचं नख काढताना क्लोरोफॉर्मखाली दोन-तीन मिनिटांत गेली. नख काढताना! मग असे मृत्यू अधूनमधून होतच राहिले.

इथून भांडण सुरू झालं. लंडनचे जॉन स्नो म्हणत होते की क्लोरोफॉर्मची वाफ जास्त झाली की थेट हृदय बंद पडतं, म्हणून मोजून द्या. एडिंबरोवाले म्हणत होते की आधी श्वास बंद पडतो, म्हणून नाडी बघत बसू नका, श्वासाकडे लक्ष द्या. हा प्रश्न नुसता पुस्तकी नव्हता. भूल देणाऱ्याने बोटं मनगटावर ठेवायची की डोळे छातीवर, यावर समोरच्या माणसाचा जीव अवलंबून होता.

आता आपल्या गोष्टीत येतात एडवर्ड लॉरी. एडिंबरोच्या परंपरेत शिकलेले, 1885 मध्ये हैदराबादला रेसिडेन्सी सर्जन आणि तिथल्या मेडिकल स्कूलचे प्रमुख म्हणून आलेले. त्यांचा क्लोरोफॉर्मवर गाढ विश्वास. इथर हा दुसरा पर्याय होता, पण तो आपल्या उन्हात भराभर उडून जातो आणि पेटही घेतो. लॉरी यांनी 1888 मध्ये पहिलं कमिशन बसवलं. शंभरावर गावठी कुत्र्यांवर प्रयोग झाले. निष्कर्ष निघाला : श्वास आधी थांबतो, हृदय नंतर.

लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकाला हे पटलं नाही. मग जे झालं ते आजही भारी वाटतं. निजाम महबूब अली खान यांच्या सरकारने 1000 पौंड देऊ केले आणि सांगितलं, तुमचा माणूस पाठवा, समोर बसून बघू द्या. लॅन्सेटने थॉमस लॉडर ब्रंटन यांना पाठवलं. हे त्या काळचे औषधशास्त्रातले फार मोठे नाव, आणि त्यांचं स्वतःचं मत लॉरींच्या उलट! 1889 च्या शेवटच्या महिन्यांत दुसरं कमिशन बसलं. या वेळी चारशेहून जास्त प्राणी : कुत्री, माकडं, शेळ्या, घोडेसुद्धा. रक्तदाब कागदावर उमटवणारी यंत्रं होती. आणि ब्रंटन यांनी मत बदललं. लंडनला तार गेली की हैदराबादचं म्हणणं बरोबर आहे.

या सगळ्या काळात हैदराबादला एक बाई भूल द्यायचं काम शिकत होत्या. रूपाबाई फर्दूनजी. 1885 मध्ये लॉरींच्या मेडिकल स्कूलमध्ये दाखल झालेल्या पहिल्या काही मुलींपैकी एक. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री भूलतज्ज्ञांत त्यांचं नाव घेतात. पुढे हैदराबादच्या दवाखान्यांत त्यांनी वर्षानुवर्षं भूल दिली. आपल्या पाठ्यपुस्तकात हे नाव तुम्ही वाचलंय का? मी तरी नव्हतं वाचलं.

1891 मध्ये मुंबईला टाइम्स ऑफ इंडियाच्या छापखान्यात हा अहवाल पुस्तक म्हणून छापला गेला. तक्ते, आलेख, एकेका प्राण्याची नोंद. सरकारी पैसा, लंडनचा साक्षीदार, जाडजूड ग्रंथ. आता कोण शंका घेणार?

पण मंडळी, मुख्य निष्कर्ष चुकलेला होता.

माणसं टेबलावर मरतच राहिली. 1893 मध्ये खुद्द लॅन्सेटनेच माणसांच्या केसेस गोळा करून तपासल्या, तेव्हा हैदराबादचं म्हणणं टिकेना. शेवटी 1911 मध्ये गुडमन लेव्ही यांनी मांजरांवर प्रयोग करून दाखवलं की क्लोरोफॉर्मची भूल हलकी असताना, शरीरात अ‍ॅड्रेनालिन उसळलं, तर हृदय एकदम थरथरायला लागतं आणि बंद पडतं. घाबरलेल्या माणसाच्या अंगात नेमकं हेच अ‍ॅड्रेनालिन उसळतं. म्हणजे भीती आणि अर्धवट भूल, हे दोन्ही एकत्र आले की धोका. हॅना ग्रीनरही घाबरलेली होती.

मग हैदराबादच्या प्रयोगांत हे का दिसलं नाही? त्यांनी खोटं लिहिलं म्हणून नाही. बहुतेक प्रयोगांत प्राण्याला क्लोरोफॉर्म देत राहायचं आणि आधी काय थांबतं ते बघायचं, अशी रीत होती. तसं केलं तर श्वासच आधी थांबतो, हे खरंय. पण नख काढताना मेलेली मुलगी तशी मेली नव्हती. प्रश्न एक होता, प्रयोग दुसऱ्याच प्रश्नाचा झाला. आणि लॉरींना उत्तर आधीच माहीत असल्यासारखं वाटत होतं.

तरी त्यांना मोडीत काढू नका. "श्वासाकडे लक्ष द्या" हा सल्ला सोन्यासारखा होता आणि त्याने जीव वाचलेही असतील. चूक होती ती "हृदयाची काळजी करू नका" या दुसऱ्या अर्ध्या भागात. शिवाय त्यांनी सगळ्या नोंदी छापून ठेवल्या. म्हणूनच तर इतरांना त्या तपासता आल्या. ज्या अहवालात फक्त निष्कर्ष असतो आणि नोंदी नसतात, त्याची चूक शोधायची तरी कशी?

आज आपल्याला व्हॉट्सअ‍ॅपवर "सरकारी अहवालात आलंय", "परदेशी जर्नलमध्ये छापलंय" असं लिहून काहीही येतं. बऱ्याचदा तर तसा अहवालच नसतो. पण खरा अहवाल असला तरी तीन गोष्टी विचारा : प्रयोग कुणावर झाला? नेमका कोणता प्रश्न विचारला? आणि नंतर दुसऱ्या कुणी तो तपासला का?

आत्याचं म्हणाल तर ती ठणठणीत आहे. ऑपरेशनच्या आधी भुलीचे डॉक्टर तिच्याशी पाच मिनिटं बोलले, भीती घालवली. त्यांच्या डोक्याशेजारच्या स्क्रीनवर एक रेघ हृदयाची होती, एक श्वासाची, आणि ऑक्सिजनचा आकडा वेगळा. तिला नंतर मी हैदराबादची ही सगळी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हंजी भांडत बसण्यापरीस दोन्ही बघायचं की!"

बरोबर आहे आत्या. पण तिथवर पोचायला साठ वर्षं गेली.