फोटोतला सैनिक कोणत्या काळातला? बंदुकीकडे बघा

1 जानेवारी जवळ आली की मोबाइलवर जुने फोटो फिरू लागतात. फेटेधारी सैनिकांची रांग, हातात बंदुका आणि खाली ओळ : ‘कोरेगावचे महार सैनिक, 1818’. असा फोटो असूच शकत नाही. छायाचित्रणाची पहिली उपयोगी पद्धत पॅरिसमध्ये 1839 साली जाहीर झाली. लढाईला तोवर एकवीस वर्षे झाली होती. आपल्या इतिहासावर शंका घ्यायला टपलेल्यांच्या हाती असा फोटो आपणच आयता देतो.

फोटोचा काळ ओळखायला बंदूक उपयोगी पडते. 1818 साली कंपनीच्या बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायाकडे ‘ब्राऊन बेस’ ही चकमकीची बंदूक असे. तोंडाकडून दारू-गोळी भरायची आणि गजाने ठासायची. गज नळीखाली अडकवलेला, घोड्यात गारगोटी, मॅगझिनचा पत्ता नाही.

फिरणाऱ्या फोटोंत मात्र बहुधा ली-एनफिल्ड दिसते, म्हणजे आपली ‘थ्री नॉट थ्री’. पोलिसांच्या खांद्यावर ती अगदी अलीकडेपर्यंत असायची. तिचे लाकूड थेट नळीच्या तोंडापर्यंत येते, त्यामुळे पुढचे टोक बोथट, आखूड दिसते. चापाच्या पुढे दहा गोळ्यांचे मॅगझिन बाहेर आलेले असते. तिचा मार्क 3 हा प्रकार 1907 चा. तो हातात असेल तर फोटो त्यानंतरचाच.

बंदूक काळ सांगते, जात किंवा पलटण सांगत नाही. 1892 च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ती उठवावी म्हणून गोपाळबाबा वलंगकर, शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केले. ‘111 वी महार’ ही पलटण उभी राहिली ती 1917 साली, आणि युद्ध संपल्यावर काही वर्षांतच मोडली गेली. भारतीय पायदळ फ्रान्समधून 1915 च्या अखेरीसच हलवले होते. म्हणून फ्रान्सच्या खंदकातला फोटो ‘महार पलटणी’चा म्हणून आला तर थांबा. शिवाय तिथले गिर्डवूड या छायाचित्रकाराचे बरेच ‘लढाईचे’ फोटो आघाडीमागे मुद्दाम घडवून काढलेले आहेत.

महार रेजिमेंट 1 ऑक्टोबर 1941 रोजी बेळगावला उभी राहिली. त्यामागे बाबासाहेबांचा पाठपुरावा होता. इथे बंदुकीपेक्षा टोपीवरचा बिल्ला जास्त बोलतो. आधी नुसता कोरेगावचा विजयस्तंभ आणि ‘महार’ हा शब्द. 1946 साली मशिनगन रेजिमेंट झाल्यावर स्तंभावर दोन व्हिकर्स तोफा फुलीसारख्या आल्या (मशिनगनच, पण जुने लोक तोफा म्हणत). पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

घरात आजोबा-पणजोबांचा लष्करी फोटो असेल तर भिंग घेऊन आधी बिल्ला बघा, मग बंदूक. फ्रेम उघडून मागची बाजूही बघा. स्टुडिओचा शिक्का, गावाचे नाव, कधीकधी तारीखही तिथे सापडते.